अर्धाच वाचलेला निरोप

‘तेच ते पुन्हा काय पाहायचे?’ हा आपल्या मंडळातील ज्येष्ठांचा ठरलेला आक्षेप. २०२५ च्या जुलैत नातवाबरोबर नवा ‘सुपरमॅन’ पाहून परतलो, तेव्हा हरिशंकरपुरममधील आमच्या बैठकीत तो माझ्याही वाट्यास आला. मी या नायकाचा व्रतस्थ भक्त नव्हे. क्रिस्टोफर रीव्हचा १९७८ चा चित्रपट पूर्वी पाहिलेला, २०१३ चा अर्धामुर्धा. एवढीच माझी पुंजी. तरीही हा आक्षेप मला मान्य नाही.

ग्वाल्हेरकराने तो घ्यावा, याचेच नवल वाटते. ज्या शहराच्या नावाने ख्यालाचे घराणे ओळखले जाते, तेथे तीच बंदिश पिढ्यान्‌पिढ्या गाइली गेली. ‘ही ऐकलेली आहे’ म्हणून कोणी मैफलीतून उठले नाही. कीर्तनकारही तेच आख्यान पुन्हा लावतो. चित्रपटवाले जुने नाणे गल्ल्यासाठी पुन्हा पाडतात, हे खरे. पण बिदागी कीर्तनकारही घेतोच. प्रश्न हेतूचा नसून, पुन्हा सांगताना नवे काय हाती लागले, हा आहे.

जेरी सीगल आणि जो शुस्टर या स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील दोन तरुणांनी निर्मिलेला हा नायक १९३८ साली अवतरला. जन्म परग्रहावरचा, संगोपन कॅन्सासच्या शेतकऱ्याघरी. म्हणजे तोही आपल्यासारखाच बाहेरून आलेला. जेम्स गन या दिग्दर्शकाने त्याची जन्मकथा पुन्हा दाखवलीच नाही. पडद्यावर चार ओळी येतात आणि नायक पराभूत होऊन बर्फात कोसळतो. माझ्यासारख्या नवख्याची दारातच परीक्षा घेतली जात नाही. आईबापांनी पाठवलेल्या निरोपाचा पहिला भाग ऐकून तो लोकसेवेचे बळ मिळवत असतो. खराब झालेला उत्तरार्ध उलगडतो, तेव्हा कळते की या लोकांवर राज्य कर, असा तो आदेश आहे. नायक हादरतो. पण अखेरीस तो रक्ताचा आदेश बाजूस सारतो आणि ज्यांनी वाढवले त्यांचा होतो.

हे पाहताना मला आपले घर आठवले. आपणही आपला निरोप अर्धाच वाचतो. महादजींचा पराक्रम, १८१० च्या सुमारास दौलतरावांनी येथे दिलेला तळ, त्या तळावरून पडलेले ‘लष्कर’ हे नाव, एवढे आपल्याला मुखोद्गत असते. पण आपले पूर्वज या मुलखात हुकमत गाजवायला आले होते आणि त्या फौजेचा खर्च येथल्याच रयतेकडून वसूल होत होता, हा उत्तरार्ध आपण मुलांना सांगत नाही. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. कथा मात्र दरबारातच थांबली. ज्या मातीने, ज्या शेजाऱ्यांनी आणि ज्या हिंदीने आपल्याला दोनशे वर्षे वाढवले, त्यांना या कथेत जागाच नाही.

मग तरुण मंडळी बैठकीस येत नाहीत, याचा दोष चित्रपटांना कसा द्यावा? ते आले, तर आपण आधी त्यांचे लिंगवचन तपासतो, मग कुलवृत्तान्त विचारतो. हिंदीच्या वळणाची त्यांची मराठी ऐकून हसतो. आपली मराठीही पुण्याला तशीच ऐकू येते, हे विसरतो. दारावर अशी परीक्षा घेणाऱ्या घरी कोण येईल?

म्हणून माझी सूचना आहे. पुढच्या बैठकीत ‘आपण येथे कसे आलो’ ही कथा एखाद्या विशीतल्या मुलीने सांगावी. ती ज्या मराठीत येईल त्या मराठीत सांगावी, पूर्ण निरोपासह सांगावी. आणि ती संपेपर्यंत आपण ज्येष्ठांनी एकही शब्द दुरुस्त करू नये. कथा तीच असेल. ती सांगणारे कोणी उरावे, एवढ्यासाठी तरी ती पुन्हा ऐकायला हवी.