हरित साखळी : भार लहानांवरच

दतिया दरवाजा ही जुन्या झाशीची वेस. आजच्या झाशीची औद्योगिक ओळख मात्र ‘भेल’च्या रोहित्रांच्या कारखान्यामुळे आहे. अशा बड्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या साखळीत अखेरची कडी लहान उद्योजकांची असते. ‘सेबी’ने 2023 मध्ये अग्रगण्य 250 सूचीबद्ध कंपन्यांकडे पुरवठादारांचाही पर्यावरणीय हिशेब मागितला, 2025 मध्ये उद्योगांच्या सोयीसाठी तो ऐच्छिक केला. अडचण पैशाची आहे. मोजमापाचा आणि नव्या यंत्रांचा खर्च लहानांवर पडतो. निविदा बहुधा न्यूनतम दराचीच मंजूर होते. 45 दिवसांत देयक चुकते करण्याचे 2006 च्या कायद्याचे बंधनही पुष्कळदा कागदावरच राहते. खरेदीदारच किंमत मोजणार नसेल, तर हरित धोरण वेशीच्या आत येणार कसे?