विमानात काही झालं तर?



दिवाळी झाली की आपल्याकडे परदेशाची तिकिटं निघायला लागतात. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या लेकीची नवी नोकरी आणि घरात लहान मूल. मग बॅगा, वजनकाटा, खाखऱ्यांची पाकिटं. या गडबडीत एक प्रश्न हळूच विचारला जातो, बहुधा स्वयंपाकघरात, मुलं समोर नसताना. "विमानात मला काही झालं तर गं?"

यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं, "काही होत नाही, नवकार म्हणत बसायचं." नवकार म्हणावाच, त्याने मन खरंच शांत होतं. पण साठी-सत्तरीची, बीपी-शुगरची गोळी चालू असलेली बाई हे विचारते तेव्हा तिला नीट उत्तर मिळायला हवं. माझं मत असं की तिची भीती खरी आहे, फक्त ती भलत्याच गोष्टीची आहे. तिला भीती असते हार्ट अटॅकची. विमानात सगळ्यात जास्त वेळा येते ती चक्कर. आणि चक्कर यावी अशी बरीच व्यवस्था आपण घरातूनच करून निघतो.

अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2013 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पाच विमान कंपन्या, पावणेतीन वर्षांच्या आसपासचा काळ, आणि विमानातून जमिनीवरच्या डॉक्टरांना मदतीसाठी फोन करावा लागला असे 11,920 प्रसंग. हिशेब आला साधारण 604 उड्डाणांमागे एक. त्यातले 37 टक्के प्रसंग चक्कर येण्याचे किंवा शुद्ध हरपण्याचे होते. त्याखालोखाल श्वासाचा त्रास, मग मळमळ-उलटी. विमान मध्येच उतरवावं लागलं ते शंभरातल्या सातेक वेळा. मृत्यू झाले 36. हे आकडे सगळ्या वयाच्या प्रवाशांचे आहेत, फक्त आपल्या वयाच्या बायकांचे नाहीत, हेही लक्षात ठेवायचं. तरी त्यातून चित्र कळतं.

चक्कर का येते? विमानाच्या आतली हवा जमिनीवरच्यासारखी ठेवलेली नसते. ती सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. आपल्या भाषेत सांगायचं तर सम्मेद शिखरजीचा डोंगर साडेचार हजार फुटांच्या जवळपास आहे, आणि विमानात आपण त्याहूनही वर, सिमल्याला बसल्यासारखे असतो. तेही पंधरा-सोळा तास, पाय खाली सोडून. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. त्यात पाणी कमी प्यायलेलं, पोट रिकामं, आणि बाथरूमला जायला बाई एकदम उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी आलीच.

पाणी आपण कमी का पितो? एक कारण सगळ्यांना माहीत आहे. खिडकीची जागा असते, शेजारी दोन परके पुरुष झोपलेले, त्यांना उठवायचं कसं? म्हणून पाणीच प्यायचं नाही. यावर उपाय एकच, तिकीट काढतानाच मुलाला सांगायचं की मला कडेची जागा हवी. खिडकीतून ढग एकदा बघून झाले की पुढे काय बघायचं असतं?

दुसरं कारण आपल्या नियमाचं आहे आणि त्याबद्दल आपण मोकळेपणाने बोलत नाही. ज्यांचा चौविहार आहे त्यांनी हा हिशेब जरूर करून बघावा. डिसेंबरात मुंबईला सूर्यास्त संध्याकाळी सहाच्या सुमारास. मध्यरात्रीनंतर निघणारं थेट विमान नेवार्कला पहाटे उतरतं. आपण पश्चिमेला जात असतो, म्हणजे रात्रही आपल्याबरोबर पुढे पुढे सरकते. हिवाळ्यात खिडकीबाहेर सगळा वेळ अंधारच. तिथला सूर्योदय सकाळी सात-सव्वासातला, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजून गेलेले असतात. म्हणजे एका सूर्यास्तापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत जवळजवळ साडेतेवीस तास. नवकारसीची 48 मिनिटं धरली तर चोवीस तासांच्या पुढे. घरी जी रात्र बारा-तेरा तासांत सरते, ती इथे दुप्पट होते. (येताना उलट, रात्र पटकन संपते.)

चौविहार उपवास आपल्यातल्या कितीतरी जणी करतात, मला माहीत आहे. पण तो घरी असतो, पंख्याखाली, आडवं पडायची सोय असताना. आणि ती तपश्चर्या असते, ठरवून, मन घट्ट करून घेतलेली. विमानातले हे चोवीस तास कुणी ठरवून घेतलेले नसतात, ते वेळापत्रकातून अंगावर येतात. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घ्यायची आणि पोटात काही घालायचं नाही, हे तर घरीसुद्धा धोक्याचं. गोळीच चुकवली तर वेगळा धोका.

काही जणी म्हणतील, नियम तो नियम, सोयीप्रमाणे वाकवायचा असेल तर घ्यायचाच कशाला. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे, पण हे म्हणणं मला पटत नाही. आपल्या पच्चक्खाणात आगार ठेवलेले आहेत ते उगीच नाहीत. मनाची समाधी टिकावी म्हणून आजारपणात औषधाची मोकळीक त्यातच आहे. पूर्वजांना विमान माहीत नव्हतं, पण माणसाचं शरीर माहीत होतं. निघायच्या आधी महासतीजींकडे जाऊन स्पष्ट विचारावं, "प्रवासाच्या दिवसापुरता तिविहार करू का? पाणी आणि गोळी चालेल का?" आपण होऊन नियम मोडणं वेगळं आणि विचारून, सांगून, मोकळीक ठेवून घेणं वेगळं. रात्री अर्ध्या आकाशात, चक्कर येत असताना, पाणी प्यावं की नाही या विचारात पडण्यापेक्षा हे आधीच ठरलेलं बरं.

जेवणाचंही थोडं सांगते. जैन जेवण विमान कंपनीला आधी कळवावं लागतं, साधारण 24 तास तरी. पण एका तिकिटावर सहसा एकच खास जेवण मागता येतं. जैन मागितलं की डायबेटिसचं मिळत नाही. म्हणजे ताटात भात आणि गोड आलं तर आवरायचं आपणच. बरोबर खाखरे, मुरमुरे घ्या, पण निघताना तळलेलं पोटभर खाऊ नका. उंचीवर पोटातला वायू जवळजवळ एक तृतीयांशाने फुगतो. छातीत दाटल्यासारखं होतं आणि तेच अटॅक वाटून घाबरायला होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लपवणं. माझ्या मोठ्या नणंदबाई तीन वर्षांपूर्वी मुलाकडे निघाल्या, तेव्हा महिनाभर त्यांना जिना चढताना दम लागत होता. मुलाला सांगितलं नाही. का, तर "तो तिकीटच रद्द करेल." डॉक्टरांना सांगितलं नाही, का, तर "ते टेस्ट करायला लावतील." सगळं ठीक झालं म्हणून आज आम्ही हसतो. पण जिना चढताना दम लागतो म्हणजे विरळ हवेत जायच्या आधी डॉक्टरांना भेटायलाच हवं. नुकताच अटॅक, ऑपरेशन, किंवा छातीचा आजार झाला असेल तर विमान कंपन्यांचा एक फॉर्म असतो, मेडिफ म्हणतात, तो आपल्या डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. व्हीलचेअर मागितली म्हणजे त्यांना आपला आजार कळला, असं समजू नका. आपल्या कितीतरी जणी इंग्रजी येत नाही म्हणून व्हीलचेअर घेतात, आणि हे विमानतळावरच्या माणसांनाही माहीत असतं. विम्यातही जुना आजार लपवला तर पुढे पैसे मिळायची पंचाईत होते.

गोळ्या सगळ्या हातातल्या पर्समध्ये, मोठ्या बॅगेत एकही नाही. इन्सुलिन तर नाहीच, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. दिवस लांबतो तेव्हा डोस कधी आणि किती, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. दुसऱ्या एका कागदावर मुलीकडून इंग्रजीत लिहून घ्या : नाव, वय, आजार, गोळ्यांची नावं, ॲलर्जी, उतरल्यावर घ्यायला येणाऱ्याचा नंबर. तो पासपोर्टच्या आत ठेवा.

आणि बरं वाटेनासं झालं तर उठून बाथरूमकडे चालत जाऊ नका. आपल्या बायकांची हीच सवय, कुणाला दिसायला नको म्हणून दार लावून घ्यायचं. तिथे पडलं तर कळणार कुणाला? जागेवरच बसा, डोक्यावरची बेल दाबा. इंग्रजी येत नसलं तरी "चक्कर" म्हणून डोक्याला हात लावला की त्यांना कळतं. "शुगर", "बीपी", "चेस्ट पेन" हे शब्द तर आपण रोजच बोलतो. त्या मुलींना याचं शिक्षण दिलेलं असतं. त्या आडवं करतात, पाय उंच ठेवतात, ऑक्सिजन देतात, प्रवाशांत कुणी डॉक्टर आहे का विचारतात, वरूनच जमिनीवरच्या डॉक्टरांशी बोलतात. अमेरिकन कंपन्यांच्या मोठ्या विमानांत हृदयाला शॉक देणारं यंत्र 2004 पासून सक्तीचं आहे. समुद्रावर असताना विमान लगेच उतरवता येत नाही, हे खरं आहे, म्हणून तर बेल लवकर दाबायची, दोन तास सोसून झाल्यावर नव्हे.

पहिल्यांदाच निघाला असाल तर जागेवर बसल्या बसल्या शेजारच्या मुलाला विचारून ठेवा, ती बेल नेमकी कुठली. दिव्याचं बटण आणि बेलचं बटण अगदी शेजारी शेजारी असतात.