फिनाईल, ॲसिड, टीसीएल की सॅनिटायझर? घरातल्या निर्जंतुकांचा हिशेब

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी गावी, पोलिओच्या बूथवर १२ मुलांच्या तोंडात लशीऐवजी सॅनिटायझरचे थेंब गेले. सगळी मुले पाच वर्षांखालची होती. ती बचावली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. तीनच दिवसांनी मुंबई महापालिकेत शिक्षण विभागाचा अर्थसंकल्प मांडताना एका वरिष्ठ अधिकाऱ्याने पाणी समजून सॅनिटायझरची बाटली तोंडाला लावली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, दारूची दुकाने बंद असताना, वणी परिसरात सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले.

या तिन्ही बातम्यांमधला द्रव एकच आहे, आणि हातावर चोळण्यासाठी तो आजही उपलब्ध निर्जंतुकांमध्ये सर्वांत निर्धोक गणला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार त्यात ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, थोडे ग्लिसरीन आणि नाममात्र हायड्रोजन पेरॉक्साइड असते. त्वचेवरून त्यातले अल्कोहोल अर्ध्या मिनिटात उडून जाते. मग ‘सुरक्षित कोणते?’ या प्रश्नाचे उत्तर द्यायचे कसे? निव्वळ रसायनाचे नाव पाहून ते देता येत नाही. ते किती दाट आहे, कशावर वापरले, कशात भरून ठेवले आणि शेजारी दुसरे काय आहे, हेही पाहावे लागते.

साकोलीसारख्या तालुक्याच्या गावात घराघरांत काय सापडते ते बघा. मोरीत पांढरे किंवा काळे फिनाईल, संडासासाठी ॲसिड, ग्रामपंचायतीकडून आलेली टीसीएल पावडर आणि कपाटात करोनाकाळातली अर्धी राहिलेली सॅनिटायझरची बाटली. यातले फिनाईल आणि ॲसिड अनेकदा सुटे येते, तेही पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत. पांढरे फिनाईल पाण्यात टाकले की दुधासारखे दिसते. ॲसिड तर पाण्याइतकेच नितळ. दोन वर्षांच्या लेकराला वास कळतो, पण त्याचा अर्थ कळत नाही.

धोक्याच्या उतरंडीत मी ॲसिडला सर्वांत वर ठेवीन. संडास साफ करायचे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते मुळात जंतुनाशक म्हणून घ्यायचे नसतेच, ते क्षारांचे डाग काढते. घोटभर पोटात गेले तर अन्ननलिका भाजते आणि ती जखम भरताना नळी आकसते. वाचलेल्या मुलालाही पुढे घास गिळताना वर्षानुवर्षे त्रास होतो. त्याखालोखाल काळे फिनाईल. त्यातली डांबरजन्य फिनॉले त्वचेतूनही शरीरात शिरतात. जोसेफ लिस्टरने १८६७ मध्ये याच कुळातले कार्बोलिक ॲसिड शस्त्रक्रियेत आणले, जखमा सडणे कमी झाले, पण डॉक्टरांचे हातही सोलून निघत. पांढरे फिनाईल बहुधा पाइन तेलाचे असते, तुलनेने सौम्य, पण पिताना ठसका लागून फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया करते.

खरी गफलत होते ती दोन वस्तू एकत्र आल्यावर. ‘जास्त स्वच्छ व्हावे’ म्हणून संडासात आधी टीसीएल भुरभुरायची आणि वरून ॲसिड ओतायचे, ही सवय शहरात आहे तशी खेड्यातही आहे. दोन्हींच्या संयोगातून क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या यीप्र येथे सैनिकांवर सोडला गेला तो हाच. क्लोरीन हवेपेक्षा जवळपास अडीच पट जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि आपल्याकडे संडास घासणारी व्यक्ती वाकून किंवा उकिडवे बसून घासते. लहान खोली, बंद दार, वर एक जाळी. डोळे चुरचुरणे, घशात आग, छातीत कोंडल्यासारखे होणे ही पहिली लक्षणे. अनेकदा बाहेर आल्यावर बरे वाटते आणि काही तासांनी दम लागतो, कारण फुप्फुसात पाणी उतरायला वेळ लागतो. शाळा, कार्यालये, मंगल कार्यालये साफ करणाऱ्या कामगारांच्या हाती आपण हेच दोन डबे देतो आणि हातमोजे द्यायला विसरतो.

टीसीएल स्वतः मात्र वाईट नाही, उलट या यादीतली सर्वांत उपकारक वस्तू तीच. पावसाळ्यात धानाच्या बांध्या तुडुंब भरल्या की उथळ विहिरींत वरचे पाणी झिरपते आणि कावीळ, गॅस्ट्रोची साथ डोके वर काढते. ताजी पावडर असेल तर हजार लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम पुरतात, म्हणजे ५० हजार लिटरच्या विहिरीला सव्वाशे ग्रॅम. ती बादलीत कालवायची, चुन्याचा साका खाली बसू द्यायचा, वरचे पाणी विहिरीत सोडायचे आणि तासभर थांबायचे. अडचण अशी की ही पावडर ओल, ऊन आणि उष्णतेने निकामी होते. ताजी असताना तिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. तो २० टक्क्यांखाली गेला की आरोग्य विभागाच्या तपासणीत नमुना अयोग्य ठरतो. भंडारा जिल्ह्यातला मे महिना आणि ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडे पडलेले पोते, हे गणित सांगायची गरज नाही. मग जोर कमी म्हणून अंदाजाने जास्त टाकली जाते, पाण्याला वास येतो आणि लोक टीसीएल न टाकलेल्या विहिरीकडे वळतात. ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले का, हे पाहायला एक मिनिटही लागत नाही. साथ येण्याआधी ग्रामसभेत कुणी हे विचारले, तर बरे.

फरशी, दाराच्या कड्या, उलटी पडलेली जागा यांसाठीही हीच पावडर चालते. लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम घातले की सुमारे एक टक्क्याचे रुग्णालयी द्रावण होते. घरी त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे लिटरला तीन ग्रॅम पुरे. रोज नवे करावे. माणसांवर ते फवारू नये. मार्च २०२० मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीला गावी परतणाऱ्या मजुरांवर हायपोक्लोराइट फवारले गेले, तेव्हा पुढच्याच महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला ‘माणसांवर फवारणी नको’ असे लेखी सांगावे लागले.

आता पुन्हा सॅनिटायझरकडे. त्याचे दोन दोष लोक विसरतात. पहिला आगीचा. ७० टक्के इथेनॉलची वाफ १७ अंश सेल्सियसच्या आसपासच पेट घेऊ शकते. आपल्याकडे एवढा गारवा हिवाळ्यातल्या पहाटेच. हात ओले असताना गॅस पेटवू नये. दुसरा दोष भेसळीचा. जून २०२० मध्ये सीबीआयने मिथेनॉल घालून बनवलेल्या सॅनिटायझरबाबत राज्यांना सावध केले होते. मुंबईच्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाने १२२ नमुने तपासले, त्यात सुमारे चार टक्क्यांत मिथेनॉल निघाले. मिथेनॉल शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि दृष्टीची नस मरते. पिणाऱ्याला पहिले बारा-चोवीस तास साधी नशाच वाटते, म्हणून तो उशिरा दवाखान्यात येतो. साकोलीहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर आहे. अशा रुग्णाला तो उशीर परवडत नाही.

याच काळात, २७ जुलै २०२० रोजी, केंद्राने सॅनिटायझरला विक्री परवान्यातून सूट दिली. तुटवडा होता, त्यामुळे निर्णय समजण्यासारखा होता. पण किराणा दुकानापासून पानठेल्यापर्यंत माल पोचला आणि तपासणी तिथवर पोचली नाही. ॲसिडबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खरेदीदाराची नोंद ठेवण्याचे आणि १८ वर्षांखालील कुणाला ते न विकण्याचे आदेश दिले. ते ॲसिड हल्ल्यांच्या प्रकरणातले होते. घरातल्या अपघाती भाजण्याकडे त्या निमित्ताने कुणाचे लक्ष गेले नाही. सुट्या फिनाईलच्या बाटलीवर ना घटक, ना तारीख, ना पत्ता. त्यामुळे रुग्णालयात डॉक्टरने ‘काय प्यायले?’ विचारले की नातेवाइकांकडे ‘पांढरे काहीतरी’ एवढेच उत्तर असते.

शेताच्या चिखलाने माखलेल्या हातांना यातले काहीच लागत नाही. तिथे सॅनिटायझर फारसे चालतही नाही, कारण मळ त्याला अडवतो. साबण आणि वाहते पाणी हवे.

आणि कुणी चुकून काही प्यायलेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. ॲसिड असेल तर ते वर येताना दुसऱ्यांदा भाजते, फिनाईल असेल तर श्वासनलिकेत उतरते. लिंबू, ताक, सोडा असले उतारे करू नयेत. तोंड धुऊन कपडे बदलावेत, १०८ ला फोन करावा, साकोलीचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे आणि ती बाटली, तिच्यात एक थेंबच उरला असला तरी, बरोबर न्यावी.