दोन जिवांची बाई अन् आपला रोवणा

रोवण्याचे दिवस आहेत. बांध्यांत पाहा, सातव्या-आठव्या महिन्याची एखादी बाई चिखलात वाकलेली दिसेलच. हौसेनं येत नाही ती. रोजी बुडली तर घर चालत नाही.

योजना आहेत. २०१५ पासून आदिवासी भागात अमृत आहार आहे. शेवटच्या तीन महिन्यांपासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण मिळते. मातृवंदना योजनेत पहिल्या खेपेला ५,००० रुपये, पण त्यातले २,००० बाळाची नोंद अन् लसीकरण झाल्यावर. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच ६,०००, तेही बाळंतपणानंतर. म्हणजे ऐन रोवण्यात हातात थोडंच. अन् ताट अंगणवाडीत, बाई दूरच्या बांधीत!

माझं म्हणणं, सरकारकडे बोट दाखवाच, पण आपल्या बांधीतलं आपल्या हातात आहे. तिला परे उपटायला, वाकायला लावू नका. बसून होईल ते काम द्या. जेवायच्या वेळी अंगणवाडीत जाऊ द्या अन् रोजी कापू नका. गुत्त्यानं रोवणा दिला असेल तर टोळीशी आधीच बोलून तिचा पूर्ण वाटा ठरवा.

दिवसाच्या दोन तासांच्या मजुरीनं धानाची शेती बुडत नाही. तुमच्या गावात कसं करता, लिहा.