बसला पैसे आहेत, फेरीला नाहीत

मंडळी, आज अमेरिकेतल्या वाहतूकखर्चाच्या कायद्यावर लिहिणार आहे. जांभई आली तर हक्काने द्या.

१९९० साली इथल्या स्वच्छ हवेच्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९१ मध्ये, थोरल्या बुश यांच्या सहीने वाहतुकीचा नवा कायदा आला. त्याच्या आद्याक्षरांचा उच्चार चक्क ‘आइस टी’! त्यातच ‘सीमॅक’ हा निधी सुरू झाला. गर्दी कमी करा, हवा सुधारा, आणि बहुतेक कामांत शंभरातले ऐंशी डॉलर वॉशिंग्टनकडून घ्या. पुढे कायदे बदलत गेले, पण निधी टिकला. २०२१च्या कायद्याने २०२२ ते २०२६ या वर्षांसाठी त्यात साधारण १३ अब्ज डॉलर ठेवले.

मला यातलं मनापासून आवडलेलं कलम म्हणजे, एकट्याने गाडी हाकणाऱ्यांसाठी नव्या लेन या पैशातून बांधता येत नाहीत. दोघं-तिघं मिळून जाणाऱ्यांची लेन चालते, सायकलची वाट चालते, सिग्नल जुळवणं चालतं, बस तर चालतेच. जिथे दुधाची पिशवी आणायलाही (पिशवी कसली, गॅलनचा कॅन!) गाडी काढतात, त्या देशात हे लिहायला धाडसच लागलं असणार.

पण गोम पुढे आहे. बस विकत घ्यायला पैसे आहेत. ती चालवायला, म्हणजे ड्रायव्हरचा पगार, डिझेल वगैरेला, नव्या सेवेच्या फक्त पहिल्या तीन वर्षांपुरते. ते फार तर पाच वर्षांत पसरून घ्या. तोवर सेवेने आपल्या पायावर उभं राहावं, अशी अपेक्षा. अहो, तिकिटावर खर्च भागवणारी बस या देशात शोधून सापडायची नाही!

आमच्या कोपऱ्यावरून एक नवी फेरी सुरू झाली होती. आई-बाबा इथे असताना त्याच बसने लायब्ररीत जायचे, बाबा एकटेच दवाखान्यातही जाऊन यायचे. कुणाला ‘सोडतोस का रे?’ विचारायला नको. मदतीची मुदत संपली आणि फेरी बंद झाली. पुढच्या खेपेला दोघं खिडकीत बसून माझी वाट बघत. त्या फेरीतले इतर लोक पुन्हा गाड्या काढू लागले, म्हणजे धूरही परत आलाच की.

सिग्नल एकदा जुळवला की खर्च बराचसा संपतो. बसचं तसं नाही, ती रोज चालवावी लागते. आणि कायदा हवेचा आहे, तर हवाही रोजच लागते ना? २०२१ मध्ये खेड्यांना आणि दोन लाखांपर्यंत वस्तीच्या शहरांना या मुदतीतून मोकळं केलं, हे उत्तम झालं. आमचं शहर त्याहून मोठं. गाड्या जास्त, धूर जास्त, आणि मुदतीचं कुलूप मात्र आम्हालाच! पुढच्या कायद्यात ते निघावं, म्हणून मी आमच्या खासदारांना पत्र धाडलंय. इथल्या मित्रमंडळींनो, तुम्हीही धाडा.