किंमत का लिहीत नाहीत?

'बेले एष्टु?' आणि 'किंमत किती?' सुरतेहून आलेल्या साडीच्या व्हिडिओखाली हे दोन प्रश्न शेजारीशेजारी दिसतात. विचारणाऱ्या आपल्याच जावा-नणंदा! एवढा व्यापारी किंमत लिहायला विसरतो का? छे! प्रत्येक प्रश्न फेसबुकच्या हिशेबात जमा होतो आणि चर्चा वाढली की तोच व्हिडिओ आणखी घरांत पोहोचतो.

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापडबाजारात मी हे जवळून पाहिले. मोबाईलसमोर पदर उलगडत मुलगी विचारते, "ताई, लाल की हिरवी?" आपण 'हिरवी' लिहिले की मनाने ती निम्मी आपलीच होते. दिलेल्या शब्दाला माणूस चिकटून राहतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चियाल्दिनी यांनी १९८४ च्या पुस्तकात मांडले. (आपल्या पेठेतल्या शेठजींना ते पुस्तकाविनाच ठाऊक! चहा पाजून वीस घड्या मोडल्यावर रिकाम्या हाताने कोण उठेल?)

इथवर माझी तक्रार नाही. 'शेवटच्या दोनच उरल्या' हे खोटे असेल तर मात्र फसवणूक; केंद्राच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशी खोटी घाई निषिद्ध ठरवली आहे. त्याहून खुपते ते यंत्रमागाच्या साडीला 'इरकल' म्हणणे. खऱ्या इरकलीत अंगाचा आणि पदराचा ताणा वेगळा असतो, ते फासे घालून जोडतात. भगिनींनो, भावाआधी त्या जोडाचा जवळून काढलेला फोटो मागा. मी एकाकडे मागितला. उत्तरात हसरा चेहरा आला, आणि खाली, 'ताई, लाल की हिरवी?'