उंदराचे नाक आणि गावाची मोहीम

कपाशीत बोंडअळीसाठी कामगंध सापळे तुम्ही लावलेच असतील. मादीच्या वासावर नर पतंग येतो नि अडकतो. धान्याच्या खोलीतल्या लहान उंदराचा संसारही वासावरच चालतो. फक्त त्याचा व्यवहार जास्त गुंत्याचा.

त्याच्या नाकाच्या तळाशी अशा वासांसाठी वेगळे इंद्रिय असते. जोरकस नर ठिकठिकाणी मुताचे थेंब टाकत फिरतो. हाच त्याचा सातबारा! त्या मुतातले एक प्रथिन मादीला ओढते, हे लिव्हरपूलच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली दाखवले. पुढे कळले, की ती जागाही तिच्या ध्यानात राहते. हिल्डा ब्रूस यांना १९५९ साली याहून नवल दिसले. नुकत्याच फळलेल्या मादीजवळ परका नर आणला, तर पुष्कळदा तिचा गर्भ टिकत नाही, ती पुन्हा माजावर येते. नुसता वासही पुरतो.

आता आपले बघा. तुम्ही एकट्याने घरचे उंदीर मारता. जुना मालक गेला, खुणा शिळ्या झाल्या, की शेजारचा नर येऊन आपले थेंब टाकतो. मागोमाग माद्या. गाभण काळ अवघा तीन आठवड्यांचा. औषधाचे पैसे गेलेच की!

म्हणून सरपंच व ग्रामसेवकांनी सगळ्या गावासाठी एकच दिवस ठरवावा. "आमच्याकडे उंदीर नाहीत" म्हणणारी घरेही सोडू नयेत. सोसायटीचे गोदाम, रेशन दुकान आणि पोषण आहाराचा तांदूळ असतो ती शाळेची खोली यात हवीच. त्या खोलीची किल्ली आदल्या दिवशीच मागून ठेवा.